ढाण्या भ्यायला कुठं जातो

ढाण्या कुणाचा, हे शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत कुणी विचारायचं कारणच नव्हतं. निदान बनाबाईच्या मते तरी नव्हतं. कोडोलीला माहेरी गेली होती तेव्हा कुत्र्याचं एवढंसं पिल्लू पदराखाली घालून तिनं एसटीनं आणलं होतं. कंडक्टर कुरकुरायला लागला, तर "लेकरू हाय माझं, अर्धं तिकीट फाड की!" म्हणून त्याला सगळ्या गाडीदेखत गप्प केलं होतं. पुढं ते पिल्लू तिच्या हातच्या भाकरीवर आणि नवऱ्याच्या गोठ्यातल्या दुधावर पोसलं, रेडकाएवढं झालं, आणि अंगावर वाघाचा एक पट्टा नसताना त्याचं नाव ढाण्या पडलं.

नावाला शोभेल असंच त्याचं वागणं होतं. तिचा नवरा पिराजी पहाटे सायकलला कॅन बांधून गंगावेशीला दूध घालायला निघाला की ढाण्या पुढं. दुसऱ्या पेठेतली कुत्री आडवी आली, तर ती बिचारी आपली वाट बदलायची. एकदा एक मोकाट वळू गोठ्यात शिरला, तेव्हा माणसं माळ्यावर चढली आणि ढाण्या एकटा दारात उभा राहिला. ही गोष्ट बनाबाई सांगायला लागली की दर खेपेला वळू थोडा थोरला व्हायचा.

तर असा हा ढाण्या दिवाळीत मात्र शेळी व्हायचा. पहिला फटाका वाजला की कान मागं, शेपूट पोटाखाली, आणि उभा असेल तिथंच ओलं. गल्ली हसायची. त्याचं बनाबाईला फारसं काही नव्हतं. मुक्या जिवाला कळत नाही, तो भ्यायचाच. तिचं दुखणं निराळं होतं. भ्यालेला ढाण्या तिच्याकडं यायचा नाही. परसातल्या भिंतीला खाली एक भगदाड होतं, त्यातून तो पलीकडं कालिंदीबाईंच्या घरात जायचा.

कालिंदीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या त्र्यंबक मास्तरांची बायको. लेक पुण्याला दिलेली, घरात दोघंच. मास्तरांना दमा होता. फटाक्यांचा धूर छातीत गेला की त्यांना उशीला टेकून बसून रात्र काढावी लागे. म्हणून वसुबारस आली की कालिंदीबाई मधल्या खोलीच्या खिडक्यांना जाड गोधड्या लावायच्या, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबायच्या आणि रेडिओ बारीक आवाजात चालू ठेवायच्या. त्या अंधाऱ्या, गार खोलीत मास्तरांच्या पलंगाखाली ढाण्याला पहिल्याच दिवाळीत जागा सापडली. भाऊबीज होऊन गल्ली शांत झाली की तो आल्या वाटेनं परत यायचा आणि काही झालंच नाही अशा तोंडानं बनाबाईपुढं भाकरीला बसायचा.

"वर्सभर भाकरी माझी खातंय, आन् भ्यायला तिच्याकडं जातंय!" बनाबाई नवऱ्याला म्हणाली.

"मग काय झालं? त्यांच्यात आवाज कमी, म्हणून जातंय."

"आवाजाचं न्हाई त्ये. भ्यालं की लेकरू आईकडं पळतंय. ह्ये तिच्याकडं पळतंय."

पिराजी खाली मान घालून चरवी भरत राहिला. म्हशीची धार काढताना तो वाद घालत नसे.

आणि गेल्या वर्षी तर कहर झाला. दिवाळी सरल्यावर नळावर चारचौघींदेखत कालिंदीबाई म्हणाल्या, "बनाबाई, तुमचा राजा हो! फार शहाणा. इतके दिवस पलंगाखाली होता, पण एका भांड्याला धक्का लावला नाही."

"राजा कोण?"

"मी आपली त्याला राजा म्हणते. ढाण्या म्हणताना माझी जीभच अडखळते बाई."

ढाण्या तिथंच बनाबाईच्या पायाशी बसलेला होता. 'राजा' म्हटल्याबरोबर त्याचे कान उभे राहिले आणि शेपूट जमिनीवर आपटायला लागली. बनाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. अर्धी भरलेली घागर तशीच उचलून ती घरी आली. नवऱ्यानं दुसरी करून आणली असती, तर तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. इथं धरायच्या कुणाच्या? कालिंदीबाई गोड बोलायच्या, करंज्यांचं ताट पाठवायच्या, वाटेत भेटल्या तर तिच्या फौजेतल्या लेकाची खुशाली विचारायच्या. आणि ढाण्याला त्यांनी कधी हाक मारून नेला नव्हता की तुकडा टाकून फितवला नव्हता. तो आपण होऊन जायचा, आणि बनाबाईचा जळफळाट व्हायचा तो ह्यानंच.

सत्त्याहत्तर सालच्या नवरात्रात तिनं ठरवून टाकलं, ह्या दिवाळीला ढाण्या घरातच राहील.

आता घरात ठेवायचा म्हणजे कसा, तर तिला एकच विद्या ठाऊक होती, ती म्हशींची. दिवाळीच्या पाडव्याला पेठेत म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, गळ्यात घुंगरं, कपाळावर मोरपिसं, आणि मालक पुढं पळाला की म्हशीनं त्या गर्दीत, वाजंत्री-फटाक्यांत मान वर करून त्याच्या मागं पळायचं. म्हैस बुजली तर मालकाला वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून दसऱ्याआधीच तयारी सुरू व्हायची. म्हशीपुढं पेंड ठेवायची आणि खडे घातलेला डालडाचा डबा वाजवायचा, आधी लांबून, मग कानाशी. त्यानंतर लवंगी फटाके. आवाज झाला की पेंड मिळते हे डोक्यात बसलं की म्हैस बुजत नाही. पिराजीची चंद्री अशीच तयार झालेली. तोंडाशी माळ फुटली तरी ती रवंथ सोडत नसे.

बनाबाईनं तोच डबा घेतला. ढाण्यापुढं दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली आणि डबा खडखडावला. ढाण्या पळाला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दाव्यानं खुंट्याला बांधला आणि मग वाजवला.

"अगं, कुत्रं हाय त्ये, म्हस न्हवं," पिराजी म्हणाला.

"कान हाईत न्हवं त्येला बी?"

"म्हशीला शिकीवतो त्ये आपल्या मागं पळावी म्हणून. कुत्र्याला कशाला पायजे?"

"पळू दे की माझ्या बी मागं. काय बिघडलं?"

पिराजी वैरण टाकायला गेला.

डबा रोज वाजत राहिला. ढाण्या जेवेना. फारच भूक लागली की आवाज थांबल्यावर घाईघाईनं दोन घास गिळायचा आणि उरलेलं कोंबड्या खायच्या. हळूहळू तो पळायची धडपड करेनासा झाला. जमिनीला चिकटून बसायचा, अंगभर थरथरायचा, पण बसायचा. शिकला, बनाबाई म्हणाली. गल्लीत दोघी-तिघींना बोलावून तिनं दाखवलंसुद्धा. पळालं तर गळ्याला हिसका बसतो म्हणून तो बसतोय, हे कळायला तिला काही अक्कल कमी नव्हती. पण तिला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिनं आणखी एक काम उरकलं. परसातल्या भगदाडात बाभळीच्या काट्या खच्चून कोंबल्या आणि पुढं एक धोंडा लोटला. कुणी विचारलंच, तर मुंगूस येतंय, कोंबड्या नेतंय, असं सांगायचं ठरवलं. कुणी विचारलं नाही.

धनत्रयोदशीला सकाळीच कालिंदीबाई दारात. त्या सहसा कुणाच्या घरी जात नसत.

"बनाबाई, राजा आला नाही तो? कालपासून फटाके वाजतायत. मी पलंगाखाली पोतं घालून ठेवलंय."

"त्यो न्हाई यायचा आता, वैनी. आता भीत न्हाई त्यो. मी शिकीवलंय त्येला."

"शिकवलंय? म्हणजे कसं?"

बनाबाईनं गोठ्याकडं बोट केलं. ढाण्या दावणीच्या कोपऱ्यात भिंतीत शिरायचं असल्यासारखा बसला होता. कालिंदीबाई दिसताच तो उठला. "बस खाली!" बनाबाई ओरडली आणि तो बसला.

"थरथरतोय हो तो," कालिंदीबाई हळूच म्हणाल्या. "नसेल पाठवायचा तर राहू द्या. पण आतल्या खोलीत घ्या त्याला. खिडकीला काहीतरी लावा, पाणी जवळ ठेवा. आणि ते दावं सोडा हो. भ्यालेलं जनावर ओढून ओढून स्वतःलाच फास लावून घेतं."

"माझ्या कुत्र्याचं मला कळतंय की."

कालिंदीबाईंचा चेहरा उतरला. "हो, तेही खरंच," म्हणून त्या गेल्या. तो उतरलेला चेहरा बनाबाईला त्या दिवशी अनारशापेक्षा गोड लागला. दिवसभर ती मधूनमधून तो आठवून बघत होती.

नरकचतुर्दशी झाली, लक्ष्मीपूजन झालं. ढाण्यानं पाण्यालासुद्धा तोंड लावलं नाही, पण होता घरात. एवढ्यावर ती थांबली असती तरी निभावलं असतं. पण आपण जिंकलो हे पलीकडच्या बाईला दिसल्याशिवाय बनाबाईला चैन पडेना. पाडव्याला म्हशी निघणार त्या कालिंदीबाईंच्या दारावरूनच. त्या दर वर्षी मास्तरांच्या खोलीचं दार ओढून घेऊन घडीभर पायरीवर उभ्या राहायच्या. बनाबाईनं ढाण्याला धुतला, कपाळाला गुलाल लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि दावं हाताला गुंडाळून घेतलं.

"घरात ठीव त्येला," पिराजी म्हणाला. "गर्दीत न्हिऊ नगंस. सांगून ठेवतोय."

"तुमची म्हस मिरवती, माझं कुत्रं मिरवू दे की एक डाव!"

दुपार कलली होती. चंद्री नटून पुढं निघाली, मागं हलगी, दोन्ही बाजूंना माणसं. ढाण्या बनाबाईच्या पायाला चिकटून, पोट जवळजवळ जमिनीला टेकवून चालत होता. बनाबाईची नजर त्याच्याकडं नव्हतीच. ती समोर पायरीवर उभ्या असलेल्या कालिंदीबाईंकडं बघत होती. त्यांनीही बघितलं. बघितल्याबरोबर त्यांनी तोंडावर हात घेतला आणि काहीतरी सांगायला त्या एक पायरी उतरल्या.

तेवढ्यात कुणीतरी चंद्रीच्या पुढ्यात सुतळी बॉम्ब लावला. चंद्री हलली नाही. ढाण्या मात्र जागच्या जागी उडाला. दावं बनाबाईच्या तळहाताची साल काढत सुटलं, आणि गर्दीतून, म्हशींच्या पायांतून, लोकांच्या शिव्यांतून तो दिसेनासा झाला. एका म्हशीचा पाय त्याच्यावर पडता पडता राहिला. झेंडूची माळ तेवढी रस्त्यावर पडली.

पिराजीला म्हैस सोडता येईना. तो ओरडला, "घराकडं पळालंय त्ये! जा मागनं!"

घराकडं! बनाबाई लुगडं सावरत पळाली आणि पळता पळतासुद्धा तिच्या मनात एवढंच की घराकडंच आला, माझ्याच घराकडं आला. सोप्यात बघितलं, नव्हता. चुलीपाशी, धान्याच्या कणगीमागं, तिच्या अंथरुणात, कुठंच नव्हता. गोठा रिकामा होता. मग परसातून आवाज आला, काहीतरी खरवडल्यासारखा, आणि त्यात मधूनच घशात अडकलेलं केकाटणं.

भगदाडाशी ढाण्या तोंड खुपसून उकरत होता. दावं धोंड्याखाली अडकलं होतं आणि प्रत्येक धडपडीला गळा आवळत होतं. नाक फाटलं होतं, काटे कानांतून, ओठांतून गेले होते, नखांतून रक्त येत होतं, तरी तो काट्यांतच घुसत होता. तिच्या घरात येऊन, तिच्या चुलीवरून, तिच्या अंथरुणावरून तो थेट इथं आला होता.

"ढाण्या! हिकडं ये. मी हाय न्हवं? बघ, मी हाय!"

त्यानं मागं बघितलं नाही. तिनं धोंडा लोटला, दावं सोडवलं आणि हातांनीच काट्या उपसायला लागली. पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं.

"कोण आहे? राजा, थांब रे, थांब," कालिंदीबाईंचा आवाज आला. "बनाबाई, तुम्ही आहात का? माझ्याकडून निघत नाहीत हो. तुमच्याच बाजूनं दाबलेत."

दोघी दोन्हीकडून ओढत राहिल्या. वाट थोडी मोकळी झाली न झाली तोच ढाण्या बनाबाईच्या हाताखालून अंग चोरून पार झाला.

ती गल्लीला वळसा घालून समोरच्या दारानं गेली. त्या खोलीत ती कधी आली नव्हती. आत इतका अंधार की आधी नुसता रेडिओच ऐकू आला. मग पलंगावर उशीला टेकून बसलेले मास्तर दिसले. त्यांनी हातानंच बस म्हटलं आणि दार लावायची खूण केली. कालिंदीबाई जमिनीवर बसल्या होत्या. ढाण्याचं तोंड त्यांच्या मांडीवर आणि त्यांच्या हातात चिमटा. त्या एकेक काटा काढून वाटीत टाकत होत्या.

बनाबाई खाली बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवायला हात पुढं केला. ढाण्यानं तो बघितला आणि अंग आक्रसून मागं, पलंगाखाली सरकला. फटाक्याला सरकायचा तसाच. रोज डबा वाजवणारा हात तो. बनाबाईनं हात मागं घेतला.

"वैनी, काटं मीच घातल्तं."

"माहीत आहे. धनत्रयोदशीला तुमच्या दारातून परत आले, तेव्हाच बघितले मी."

"मग काढलं का न्हाईसा?"

कालिंदीबाईंनी चिमटा पदराला पुसला. "राग आला म्हणून. म्हटलं, ठेवा तुमचं कुत्रं तुमच्यापाशी, बघू कसं ठेवता ते. माझंही चुकलंच. तो भ्याला की इथंच येणार, हे मला ठाऊक होतं." त्यांनी चिमटा वाटीत ठेवला. "बनाबाई, भाऊबीज झाली ना, की हा त्या भोकातून निघून जातो. मी तिथं उभी असते. पण एकदासुद्धा मागं वळून बघत नाही. मग वर्षभर पलीकडून तुमची हाक ऐकते आणि हा कसा उड्या मारत येतो ते ऐकते. एक दिवस असा जात नाही की मला तुमचा हेवा वाटत नाही. हे चारच दिवस काय ते माझे. तेवढेही तुम्हाला खुपले."

"मागं वळून बी बघत न्हाई?"

"नाही."

खोटं कशाला सांगायचं, बनाबाईला आधी आनंदच झाला. तीन वर्षं जी आग तिनं चार-चार दिवस सोसली, ती ही बाई बाकीचं सगळं वर्ष सोसत होती, आणि तोंडानं गोड बोलत होती! त्या आनंदात तिनं पलंगाखाली बघितलं. अंधारात ढाण्याचे नुसते डोळे दिसले, आणि फाटलेलं नाक. आनंद तिथंच विझला. ज्याच्यावरून दोघी जळत होत्या, त्याला कुणाचं व्हायचंच नव्हतं. त्याला फक्त भ्यायला जागा पाहिजे होती, आणि ती जागा तिनं काट्यांनी बुजवली होती.

"राहू दे त्येला हितं," ती उठत म्हणाली. "भाऊबीजंपतूर."

"आणि मग?"

"मग त्येचं त्यो बघंल."

मास्तरांनी डोळे मिटूनच मान हलवली. कालिंदीबाईंनी पुन्हा चिमटा घेतला आणि पलंगाखाली वाकून त्या बारीक आवाजात काहीतरी बोलायला लागल्या.

बनाबाई दारापाशी थबकली. एक हाक तिच्या ओठांवर आली होती. मघा भगदाडाशी तो ऐकण्याच्या पलीकडं होता; आता मारली, तर तो येईल ह्याची तिला खात्री होती. रांगत येईल, लटलटत येईल, पण येईल, कारण ह्या महिन्यात तिनं त्याला तेवढं पक्कं शिकवलं होतं. कालिंदीबाईंच्या हाताखालून उठून तो तिच्या मागं बाहेर आला असता, आणि कालिंदीबाईंना ते बसल्या जागी बघावं लागलं असतं. दसऱ्यापासून हीच तर धडपड चालली होती.

बाहेर गल्लीत कुणीतरी लांबलचक माळ अंथरून काडी ओढत होतं. तिनं हाक गिळली, बाहेर आली, दार घट्ट ओढून घेतलं आणि माळ फुटून संपेपर्यंत कडी धरून तिथंच उभी राहिली.